मीन रास, मधली साडेसाती आणि २०३० पर्यंतचा काळ

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही राहिले असेल तर तुमच्या लक्षात येईल. जन्म १९९७ चा, तूळ लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास), मीन रास (जन्मवेळी चंद्र असलेली रास), उत्तरा भाद्रपदा नक्षत्राचे दुसरे चरण, म्हणजे चारांपैकी दुसरा भाग. पुण्यातली आयटीतली नोकरी गेली. त्यानंतर महिन्याभरातच वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. फ्लॅट बुक केलेला आहे, करारनामा अजून व्हायचा आहे. आधीपेक्षा कमी पगाराची एक नोकरी समोर आहे. एका ज्योतिष्यांनी पत्रिका पाहून सांगितले की विषयोग, केतूची महादशा आणि साडेसातीचा मधला टप्पा असे तिन्ही एकत्र आले आहेत, २०३० पर्यंत काही खरे नाही. उपाय म्हणून ५१ हजारांची शांती आणि नीलम. आईचे म्हणणे, साडेसाती उतरेपर्यंत नवे काही करू नकोस. आणि ती तुमच्यासाठी शनिवारी निर्जळी उपास करते आहे. तुमचा प्रश्न एवढाच, की हे सगळे संपणार कधी?

मी पुष्कळ वर्षे सांगलीत पत्रिका बघतो आहे. ‘कधी संपेल’ हा प्रश्न घेऊन माणसे माझ्याकडे सतत येतात, आणि त्याचे पंचांगातले उत्तर तयार असते. शनी २९ मार्च २०२५ ला मीनेत आला. जून २०२७ मध्ये तो मेषेत जाईल, पण वक्री, म्हणजे आकाशात मागे सरकताना दिसत असल्यामुळे ऑक्टोबरमध्ये पुन्हा मीनेत येईल, आणि फेब्रुवारी २०२८ मध्ये मेषेत कायम होईल. पुढे २०२९ च्या ऑगस्टमध्ये वृषभेत डोकावून परत फिरेल आणि एप्रिल २०३० मध्ये तुमच्या राशीची साडेसाती पूर्ण उतरेल. म्हणजे तुम्हाला सांगितलेले साल बरोबर आहे. त्या सालातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

माझ्या मते तुमची खरी अडचण अशी आहे: तीन वेगवेगळ्या संकटांना घरात मिळून एकच नाव पडले आहे. नाव एक झाले की मुदतही एकच होते, आणि ती २०३० ची. प्रत्यक्षात तिघांच्या मुदती वेगळ्या आहेत. नोकरी गेल्याचा प्रश्न हातातली शिल्लक किती महिने पुरते त्यावर मोजायचा. फ्लॅटचा प्रश्न पुढचा हप्ता भरायच्या तारखेवर. आणि वडिलांचा प्रश्न तर सगळ्यात घाईचा आहे, कारण अर्धांगवायूनंतर हातपाय आणि बोलणे सावरायला पहिले तीन ते सहा महिने फार मोलाचे असतात. फिजिओथेरपी नेमाने झाली तर सुधारणेचा मोठा भाग याच काळात होतो. शनीचे घड्याळ अडीच-अडीच वर्षांचे आहे. त्याच्याकडे बघत बसलात तर हे सहा महिन्यांचे घड्याळ तुमच्या डोळ्यांदेखत निघून जाईल. या उत्तरातले एवढेच लक्षात राहिले तरी चालेल.

आता ज्या तीन गोष्टींनी तुम्हाला घाबरवले आहे, त्या नीट उलगडून बघू. साडेसाती म्हणजे जन्मराशीच्या आधीच्या, जन्मराशीतल्या आणि पुढच्या राशीतून शनीचे भ्रमण. शनीला सगळ्या राशी फिरायला साडेएकोणतीस वर्षे लागतात, त्यातली साडेसात वर्षे ही. बारांपैकी तीन राशींना ती कायम चालू असते. आत्ता कुंभ, मीन आणि मेष. शिवाय चौथ्या आणि आठव्या शनीची अडीचकी, ती सध्या धनू आणि सिंह राशीला. म्हणजे बारांतल्या पाच राशी कुठल्याही दिवशी शनीच्या तक्त्यात असतातच. जो माणूस पत्रिका घेऊन येतो तो बहुधा अडचणीत असतो म्हणूनच येतो, आणि दर पाच-सात जणांत दोघा-तिघांना शनी दाखवता येतो. हे गणित ज्योतिष्याला ठाऊक असते, समोर बसलेल्याला नसते. त्यामुळे नुसते ‘साडेसाती आहे’ हे विधान फार थोडे सांगते.

विषयोगाचेही तसेच. शनी आणि चंद्र जन्मतः एका राशीत असले की तो योग होतो. शनी फेब्रुवारी १९९६ ते एप्रिल १९९८ मीनेत होता. या सव्वादोन वर्षांत चंद्र दर महिन्याला सव्वादोन दिवस मीनेत येत राहिला. म्हणजे त्या काळात जन्मलेल्या दर बारा मुलांमागे साधारण एकाच्या पत्रिकेत हा योग आहे. ती सगळी मुले आज तुमच्याच वयाची आहेत, त्या सगळ्यांना मधली साडेसाती आहे आणि शनीचे पहिले पूर्ण आवर्तनही त्या सगळ्यांचे याच सुमारास पुरे होते आहे. एवढ्या लोकांचे आयुष्य एकाच वेळी एकाच प्रकारे कोसळलेले नाही, हे तुम्ही तुमच्या वर्गमित्रांकडे बघून स्वतः पडताळू शकता.

आणि शास्त्राच्या भाषेतच बोलायचे तर तुमचे लग्न तूळ आहे. तूळ लग्नाला शनी चतुर्थेश आणि पंचमेश, म्हणजे चौथ्या आणि पाचव्या स्थानाचा स्वामी, म्हणून योगकारक, चांगले फळ देणारा. मीन रास लग्नापासून सहावी, आणि सहाव्या स्थानातला शनी गोचरीत, म्हणजे चालू भ्रमणात, कष्ट देतो पण स्पर्धेत टिकवतो, शत्रू आणि ऋण आवाक्यात आणतो असे मानतात. मग अष्टकवर्गात, म्हणजे राशींना गुण देण्याच्या पद्धतीत, मीनेत शनीचे किती बिंदू आहेत, राशीप्रवेशाच्या वेळी पाद (शनी कोणत्या पावलाने आला) सुवर्ण, रौप्य, ताम्र की लोह, हे सगळे बघितल्याशिवाय कुठलाही जबाबदार ज्योतिषी ‘काही खरे नाही’ असे म्हणणार नाही. तुम्ही जन्मवेळ दिलेली नाही, म्हणून मीही यापुढे जात नाही. वेळेत थोडा फरक असला आणि लग्न बदलले, तर या परिच्छेदातले निम्मे विधान बाद होईल.

महादशेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे लोकांना एक गोष्ट कोणी सांगत नाही. विंशोत्तरी दशा, म्हणजे एकेका ग्रहाला वाटून दिलेले आयुष्यातले कालखंड, जन्मनक्षत्राच्या स्वामीपासून सुरू होतात. उत्तरा भाद्रपदाचा स्वामी शनी, त्याची १९ वर्षे. दुसऱ्या चरणात, नक्षत्राचा साधारण ४२ टक्के भाग संपला असताना जन्म धरला तर शनीची ११ वर्षे शिल्लक राहतात. त्यापुढे बुधाची १७. मिळून २८, म्हणजे २०२५ ला केतू लागला आणि तो सात वर्षे चालेल. तुमच्या ज्योतिष्यांचा हिशेब असाच असणार. पण हा हिशेब चित्रापक्षाच्या अयनांशाचा (राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची ते ठरवणारा अंशांचा आकडा), म्हणजे दाते पंचांग किंवा कालनिर्णय ज्या पद्धतीने चालतात त्याचा. कोकणातल्या आणि आमच्या भागातल्या काही घरांत टिळक पंचांग पाळतात. त्याचा अयनांश सुमारे ४ अंशांनी कमी असतो, त्यामुळे जन्मचंद्र ४ अंश पुढे सरकतो. तुमचे नक्षत्र तेच राहते, चरण तिसरे होते, आणि शनीची शिल्लक ११ ऐवजी पाचेक वर्षांवर येते. केतू २०२५ ला नाही, २०१९ च्या आसपासच लागून गेलेला असतो, आणि साडेसातीच्या टप्प्यांच्या तारखाही मागेपुढे होतात. माणूस तोच, आकाश तेच, पंचांगे दोन्ही प्रतिष्ठित. ज्या तारखेवरून तुमची झोप उडाली आहे ती तारीख पंचांग बदलल्यावर सहा वर्षे हलते. ही गोष्ट मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घाबरलेल्या माणसाला कागदावर करून दाखवतो.

तुम्ही असेही विचारले आहे की मुळात यात तथ्य आहे का. सरळ सांगतो. २००८ मध्ये जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिष्यांची एक चाचणी घेतली. प्रत्येकाला ४० पत्रिका दिल्या. हुशार मुलाची कुठली आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाची कुठली हे ओळखायचे. २७ ज्योतिष्यांनी उत्तरे पाठवली आणि निकाल नाणेफेकीच्या पुढे गेला नाही. चाचणीच्या पद्धतीवर आमच्या क्षेत्रातून आक्षेप घेतले गेले, पण त्याहून चांगली चाचणी देऊन कोणी उलटे सिद्ध केलेले नाही. म्हणून शनीमुळे तुमची नोकरी गेली असे मी म्हणत नाही आणि कोणाला म्हणू देत नाही. कंपनीने कपात केली म्हणून नोकरी गेली. वडिलांचा रक्तदाब, साखर, वय यांतून झटका आला असेल. ते त्यांचे डॉक्टर सांगतील.

मग ही चक्रे कशाला बघायची? नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ बघा. गुरूला राशिचक्र फिरायला साधारण बारा वर्षे लागतात, तो सिंहेत आला की सिंहस्थ. २००३, २०१५, आता २०२७. गुरू प्रसन्न आहे का कोपलेला, याची चर्चा तिथे पालिकेत होत नाही. काही वर्षे आधी घाट, रस्ते, पाणी, पोलीस बंदोबस्ताच्या बैठका सुरू होतात, कारण गर्दी येणार हे ठरलेले आहे. आकाशातल्या चक्राने माणसांना मुदत दिली आणि माणसे तयारीला लागली. मी शनीकडेही असेच बघतो. तो घटना घडवत नाही. दूरचा काळ तुकड्यांत मोजायला एक मोजपट्टी देतो, आणि ज्या घरात त्याच्यावर श्रद्धा आहे तिथे त्या मोजपट्टीला वजन असते. कठीण काळात माणसाचे पहिले काय जात असेल तर काळाचे भान. सगळे एकसलग आणि न संपणारे वाटते. मोजपट्टी तेवढ्यापुरती कामाला येते.

ती कशी वापरायची ते सांगतो. एक वही घ्या आणि जन्मापासून आजपर्यंत प्रत्येक सालासमोर त्या वर्षी घरात काय घडले ते दोन ओळींत लिहा: शाळा, आजारपण, बदली, लग्नकार्य, कर्ज, मिळालेले, गेलेले. ग्रह बघायचे नाहीत, आणि एकही साल मोकळे सोडायचे नाही. हे झाल्यावरच शेजारच्या रकान्यात शनी भरा. तुमच्यासाठी महत्त्वाची वर्षे अशी: २००२ ते २००४ मिथुनेत, २००९ ते २०११ कन्येत, २०१७ ते २०१९ धनूत. आपल्या राशीपासून चौथी, सातवी, दहावी. काही ठिकाणी मेळ बसेल, काही ठिकाणी अजिबात बसणार नाही. क्रम उलटा केलात, आधी शनी आणि मग आठवणी, तर मन हवे तेच शोधून आणते. म्हणून क्रमाबाबत मी हट्टी आहे.

या वहीने काय होते याचे एक उदाहरण देतो. इचलकरंजीचे एक यंत्रमागधारक माझ्याकडे आले होते, कुंभ राशीचे. जानेवारी २०२० ला शनी मकरेत गेला, साडेसाती लागली, पाठोपाठ टाळेबंदी आली, माग बंद पडले. त्यांच्या मनात सगळे पक्के जुळलेले. त्यांना म्हटले, वही लिहा, आणि शक्य असेल तर दुकानाचे खाते सोबत आणा. खात्यात दिसले की तीन मोठ्या व्यापाऱ्यांची उधारी २०१८ च्या मध्यापासूनच थकत आली होती. त्या वेळी त्यांच्या राशीला साडेसातीचा वाराही नव्हता. टाळेबंदीने धंदा बसला हे खरे, पण जमीन आधीच भुसभुशीत झालेली. शांती, अभिषेक, शिंगणापूरच्या फेऱ्या यांत त्यांचे दोन हंगाम गेले होते आणि वसुलीला ते गेलेच नव्हते, कारण साडेसातीत मागायला गेले तर भांडण होईल अशी भीती. शेवटी एका व्यापाऱ्याकडून हप्त्याने पैसे सुटले, दुसऱ्याकडून थोडे, तिसऱ्याचे बुडाले. चार माग विकून उरलेले चालू ठेवले. चमत्कार काही झाला नाही. पण कुठली गोष्ट कुठून सुरू झाली हे कळल्यावर माणूस हलायला लागला.

दुसरा उपयोग आढाव्याचा. शनी दरवर्षी साडेचार महिन्यांच्या आसपास वक्री असतो. २०२६ मध्ये तो जुलैअखेरीस वक्री आणि डिसेंबरच्या पूर्वार्धात मार्गी, म्हणजे पुन्हा सरळ चालीचा. हे दोन दिवस पंचांगात छापलेले असतात. त्या दिवशी घरातल्यांनी बसून तीनच गोष्टी बघायच्या: हातात किती महिन्यांचा खर्च आहे, वडिलांची प्रगती कुठवर आली, आणि मागच्या वेळी ठरवलेले काय झाले. मधल्या दिवसांत रोज उठून ‘आता वेळ बदलली का’ असे विचारायचे नाही. आणि एक आत्ताच सांगून ठेवतो. जून २०२७ मध्ये ‘मधली साडेसाती संपली’ म्हणून आनंद होईल आणि ऑक्टोबरमध्ये शनी परत आला की घर पुन्हा खचेल. तसेच २०२८ पासून तो मेषेत, म्हणजे नीच राशीत, जिथे त्याला दुबळा मानतात, असेल. तेव्हा कोणीतरी ‘नीचीचा शनी’ म्हणून नवीन शांती सुचवेलच. तुम्हाला ते आधीपासून माहीत असावे.

नोकरीचे माझे मत स्पष्ट आहे. समोर आहे ती घ्या, पगार कमी असला तरी. शिल्लक संपत जाणाऱ्या घरात पगार सुरू होणे महत्त्वाचे, आणि नोकरीत असताना दुसरी शोधणे सोपे जाते. आईला हे पटवायचे असेल तर शनिमाहात्म्याच्या पोथीचाच आधार घ्या. तुमच्या घरी ती वाचली जात असणार. राजा विक्रमावर हार चोरल्याचा आळ आला, हातपाय तोडले गेले, राज्य सुटले. साडेसातीत त्याने काय केले? तेल्याच्या घाण्यावर बसून बैल हाकले. राजा असून जे काम मिळाले ते केले. ‘साडेसातीत नवे काही करू नये’ असे त्या पोथीत कुठेही नाही. शनीला आपल्याकडे श्रम, शिस्त, वृद्ध आणि सेवा यांचा कारक मानतात. या काळात पडेल ते काम धरणे आणि बापाची शुश्रूषा करणे, याहून शनीला धरून असलेले आचरण मला तरी दुसरे माहीत नाही.

फ्लॅटचे उत्तर पत्रिकेत शोधू नका. नव्या पगारातून हप्ता, घरखर्च आणि वडिलांचे औषधपाणी भागून सहा महिन्यांची गंगाजळी राहते का, हे मांडा. राहत नसेल तर करारनामा होण्याआधीच बिल्डरशी बोला. बुकिंग रद्द करण्याच्या अटी अर्जाच्या मागे लिहिलेल्या असतात. करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांच्या नियमनाच्या कायद्याने मनाई आहे, तेवढ्यात तुम्ही आहात ना ते बघा. प्रकल्प कधी पुरा होणार हे महारेराच्या संकेतस्थळावर दिसते.

नीलम घेऊ नका. आणि ५१ हजारांची शांतीही करू नका. कर्ज काढून किंवा औषधाचे पैसे वळवून शांती करावी असे कुठलेही शास्त्र सांगत नाही. श्रद्धा असेल तर शनिवारी मारुतीला जा, तेल वाहा, जमेल तेवढे कोणा गरजूला द्या. ज्योतिष्यांना नम्रपणे ‘सध्या जमणार नाही’ म्हणा. त्यावर ‘मग परिणाम भोगा’ असे उत्तर आले तर त्यांच्याकडे पुन्हा जाण्याचे कारण उरत नाही.

तुम्ही मध्येच एक वाक्य लिहिले आहे की रात्र-रात्र झोप लागत नाही आणि कशातच अर्थ वाटत नाही. ते वाक्य मला बाकी सगळ्या प्रश्नापेक्षा जास्त टोचले. यावर माझ्या विद्येत उपाय नाही. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक कधीही लावता येतो, विनामूल्य आहे, मराठीत बोलता येते. आजच लावा. घरात आजारी माणूस आहे म्हणून स्वतःचे पुढे ढकलू नका.

राहिली आई. तिला ‘हे सगळे थोतांड आहे’ असे तोडून बोलू नका; मुलासाठी काहीतरी करते आहे या आधारावर ती उभी आहे. पण वडिलांना उचलणे, बसवणे हेही तिच्याच अंगावर आहे, आणि तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे असे तुम्ही लिहिले आहे. निर्जळी उपास तिला झेपणारा नाही. तिला सांगा, सांगलीच्या एका ज्योतिष्याने विचार करून सांगितले आहे की आजाऱ्याची सेवा करणाऱ्याने निर्जळी करायची नसते. शनिवारी सकाळी गोळी घ्यायची, पाणी प्यायचे, उडदाचे काही केले तर ते आधी वडिलांना वाढायचे आणि मग स्वतः खायचे. तुम्ही त्या दिवशी घरी असाल तर वडिलांचे व्यायाम तुम्ही करून घ्या, तेवढा वेळ ती पोथी वाचेल.